घराण्याच्या नावावर राजकारणात येताय? आधी भावकीत जाऊन या

आजोबा सरपंच, वडील जिल्हा परिषदेत. मी उभा राहणार हे माझ्याआधी गावानंच ठरवून टाकलं होतं. करवीर तालुक्यातल्या आमच्या गणातून पंचायत समितीला उभा राहिलो आणि पडलो. ज्या दोन बूथवर मार बसला, ते दोन्ही आमच्या भावकीचे.

कारण नंतर कळलं. पंधरा वर्षांपूर्वी गावात पीककर्ज देणाऱ्या विकास सेवा संस्थेच्या निवडणुकीत वडिलांनी एका चुलत्यांना पॅनेलमधून ऐनवेळी वगळलं होतं. घरात कुणी तो विषय पुन्हा काढला नाही. चुलते मात्र विसरले नव्हते, आणि प्रचाराच्या पूर्ण महिन्यात मी त्यांच्या उंबऱ्यावर एकदाही गेलो नव्हतो. घरचीच मतं आहेत, ती कुठं जातील, असं धरून चाललो होतो.

म्हणून नव्या पोरांना पहिलं सांगणं हे: अर्ज भरायच्या वर्षभर आधी वडिलांच्या जुन्या कार्यकर्त्यांकडं बसा. कोण कधी दुखावला, कुणाला शब्द दिला आणि पाळला नाही, हे विचारा. ते तुमच्या तोंडावर आपणहून सांगत नाहीत, दोन-चार बैठका लागतात. मग त्या घरांत जा, आणि जाताना मत मागू नका.

दुसरं, कोल्हापुरात आमदारकीची वाट दूध संस्था आणि सेवा संस्थेवरूनच जाते. ‘गोकुळ’ची, म्हणजे आमच्या जिल्हा दूध संघाची, निवडणूक बघा. दूध घालणारे लाखो, पण संघाला मत देतो तो प्राथमिक संस्थेनं ज्याच्या नावाचा ठराव केला तो. २०२१ ला असे ठरावधारक साडेतीन हजारांच्या वर होते आणि २१ जागांसाठी अख्खा जिल्हा ढवळून निघाला. गावातली संस्था कुणाच्या गटाकडं, सचिव कोण, ठराव कुणाच्या नावावर, हे ज्याला माहीत नाही त्यानं विधानसभेचं नाव काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या घरांनाही यातून सूट नाही. धैर्यशील माने यांचे आजोबा खासदार, आई खासदार, तरी तेही २०१९ ला लोकसभेत पोचले ते जिल्हा परिषदेत काम करून. डी. वाय. पाटलांचे चिरंजीव सतेज पाटील २००४ ला करवीरमधून अपक्ष निवडून आले, २०१४ ला कोल्हापूर दक्षिणमध्ये हरले आणि २०१५ ला विधान परिषदेवर गेले. पडल्यावर घरात बसला नाही, त्याच्याभोवती गट टिकतो.

कागदाचं थोडक्यात: पंचायत समिती, जिल्हा परिषदेला वय २१ पूर्ण लागतं, विधानसभेला २५, विधान परिषदेला ३०. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचाच, पडलेल्यानंसुद्धा. नाहीतर अपात्र ठरवतात.

आणि रक्षाविसर्जन चुकवू नका. लग्नाला उशिरा गेलात तर चालतं, तिथं सकाळी वेळेवर लागतं. गर्दीत कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही हे आमच्याकडं जास्त लक्षात राहतं.

पडल्यानंतर वडील म्हणाले, “उद्यापास्नं डेअरीत जाऊन उभा ऱ्हा.” पहाटे साडेपाचला जाऊ लागलो. पहिले आठ दिवस कुणी फारसं बोललं नाही. नवव्या दिवशी एक म्हातारी किटली घेऊन समोर आली. “तुझ्या बापानं मला म्हशीचं कर्ज करून दिलं हुतं. तू काय करणार हाईस?” मला उत्तर सुचेना. तिनंच पावती पुढं केली. तीच म्हैस, तीच वैरण, आणि तीन दिवस झाले फॅट कमी लागत होती, म्हणजे दरही कमी. दुसऱ्या दिवशी तिचं दूध सचिवांसमोर दोनदा तपासायला लावलं. मशीनमध्येच घोळ निघाला. बाकी सत्तावीस जणांच्या पावत्या आता माझ्याकडं आल्यात, फरकाचा हिशेब लावायला बसलोय.