स्टोरेज फुल? नवी डिस्क घेण्याआधी या चुका टाळा

‘स्टोरेज फुल’ दिसलं की पुण्यात उपाय ठरलेला: इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली गाठायची आणि आधीपेक्षा मोठी डिस्क आणायची. १९५६ मध्ये आलेल्या आयबीएमच्या रॅमॅक या संगणकाची डिस्क दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या फिरवून जेमतेम पावणेचार एमबी साठवायची. आज तेवढ्यात मोबाइलवरचा एखादा फोटो बसतो. २००७ मध्ये हिताचीने १ टीबीची, म्हणजे हजार जीबीची, हार्ड डिस्क आणली, तेव्हा एवढी जागा भरणार कशाने, असं वाटायचं. भरली की!

कशाने, ते आधी बघा. बरेच जण फोटो एकेक करून उडवत बसतात. वेळ जातो, जागा काही होत नाही, कारण खरं वजन व्हिडिओचं असतं. आयफोनवर व्हिडिओची क्वालिटी ४के, ६० फ्रेम्स ठेवली तर मिनिटाला साधारण ४०० एमबी जातात. लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथकाचं पाच मिनिटं शूटिंग केलं की २ जीबी संपले. तेच १०८०पी, ३० फ्रेम्सवर ३०० एमबीत होतं, आणि मोबाइलच्या स्क्रीनवर बघताना फरक सहसा कळतही नाही. म्हणून आधी कॅमेऱ्याचं सेटिंग बदला. मग व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. ५ एमबीहून मोठ्या फाइल्स तिथे वेगळ्या दिसतात. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एकच व्हिडिओ मामांनी, काकूंनी आणि शेजाऱ्यांनीही पाठवलेला तिथेच सापडेल. ऑटो डाउनलोड बंद करा. कोणी रागावत नाही, कोणाला कळतही नाही.

सगळ्यात महागात पडते ती गूगल फोटोजमधली चूक. बॅकअप झालाय म्हणून त्याच ॲपमधून फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. फक्त मोबाइल मोकळा करायचा असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा. चुकून उडालाच, तर बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस असतो. फुकटात हवे तितके फोटो ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह, फोटोज सगळंच आलं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजार एमबीला १ जीबी धरते, विंडोज १०२४ एमबीला. फसवणूक वेगळीच असते: अविश्वसनीय स्वस्तात मिळणारा ‘२ टीबी’ पेनड्राइव्ह. तो आकडा खोटा दाखवतो, फाइल्स घेतल्यासारखं करतो, पण नंतर त्या उघडत नाहीत. नवा असतानाच एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. जागा असूनही मोठी फाइल जात नसेल, तर पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ (FAT32) या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे. त्यात ४ जीबीची फाइल मावत नाही. आतला डेटा बाहेर काढून एक्सफॅट (exFAT) या नव्या प्रकारात फॉरमॅट करा.

आणि लॅपटॉपवरून कट करून एक्स्टर्नल डिस्कवर पेस्ट केलं, याला बॅकअप म्हणू नका. प्रत एकच राहिली, फक्त जागा बदलली. लग्नाचे, बाळाचे फोटो दोन डिस्कवर ठेवा, दुसरी शक्यतो दुसऱ्या घरी. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका, रिपेअरचं सॉफ्टवेअर तर मुळीच चालवू नका. ती बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे तशीच न्या.