बॅच फाइलमध्ये पाथ घेताना या चुका टाळा

विंडोजच्या बॅच फाइलला (एकापाठोपाठ कमांड चालवणाऱ्या स्क्रिप्टला) फोल्डरचा पाथ, म्हणजे पत्ता, पॅरामीटर म्हणून, म्हणजे चालवताना तिच्या नावापुढे लिहून, देताना होणाऱ्या चुका वर्षानुवर्षे त्याच आहेत, कारण लिहिणारा नावात मोकळी जागा नसलेल्या स्वतःच्या फोल्डरवर स्क्रिप्ट एकदा चालवतो आणि काम झाले असे समजतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे पॅरामीटर रिकामा आहे का, हे न तपासणे. एका कार्यालयात जुन्या बॅकअप फाइली पुसणारी स्क्रिप्ट रोज रात्री आपोआप चालत असे. ती आधी स्वतःच्या ड्राइव्हवर जाई आणि मग "%~1\*.बॅक" या पाथवर (%~1 म्हणजे दिलेला पहिला पॅरामीटर) उपफोल्डरांसह, काहीही न विचारता, फाइली पुसणारी डेल कमांड चालवी. टास्क शेड्युलरमधील काम नव्याने तयार करताना पाथ भरायचा राहिला, त्यामुळे कमांडपुढे केवळ "\*.बॅक" उरले, म्हणजेच त्या ड्राइव्हचे मूळ फोल्डर, आणि सकाळी ड्राइव्हवरचा एकही बॅकअप शिल्लक नव्हता. म्हणून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये "%~1" रिकामे असल्यास किंवा तो फोल्डर अस्तित्वात नसल्यास तिथेच थांबणाऱ्या दोन ओळी सर्वांत वर असतात. पुसणाऱ्या स्क्रिप्टमध्ये या ओळी वगळून वेळ वाचवणे मला अक्षम्य वाटते.

दुसरी चूक अवतरणचिन्हांची आहे. मोकळी जागा आली की पॅरामीटर तुटतो, म्हणून वापरणारा पाथ अवतरणचिन्हांत देतो. पण पहिला पॅरामीटर जसाच्या तसा देणाऱ्या %1 मध्ये ती चिन्हे तशीच राहतात आणि स्क्रिप्टमध्ये "%1" लिहिल्यास ती दुहेरी होऊन पाथ पुन्हा उघडा पडतो. %~1 ती चिन्हे काढून टाकते, म्हणून सर्वत्र "%~1" असेच लिहावे.

व्हेरिएबलला 'पाथ' हे नाव इंग्रजीत कधीही देऊ नये: त्याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये विंडोज प्रोग्राम शोधण्याचे मार्ग ठेवते. ते पुसले गेले की कॉपी, डेल या अंतर्गत कमांड चालू राहतात, पण रोबोकॉपी हा फाइली कॉपी करणारा स्वतंत्र प्रोग्राम सापडत नाही, आणि नवशिका तासन्‌तास भलतीकडेच दोष शोधत बसतो.

"%~डीपी0" म्हणजे स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पाथ. त्याच्या शेवटी उलटा स्लॅश असतो, रोबोकॉपी त्याला पुढच्या अवतरणचिन्हाशी जोडून वाचते, म्हणून मी शेवटी एक टिंब देतो: "%~डीपी0.".

फोल्डर बदलणारी सीडी कमांड /डी शिवाय ड्राइव्ह बदलत नाही.

दहावा पॅरामीटर %10 ने मिळत नाही. तिथे %1 आणि त्यापुढे शून्य असे वाचले जाते. त्यासाठी पॅरामीटर एकेक जागा पुढे सरकवणारी शिफ्ट कमांड वापरावी.

कोणतीही स्क्रिप्ट दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी मी ती "जमा & खर्च (जुने)" अशा, मोकळी जागा, & आणि कंस असलेल्या नावाच्या फोल्डरवर चालवतो.