क्लिप लावण्याआधी पॉज: पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा व्हिडिओ कसा बघावा

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या व्हिडिओतून फारसं हाती लागत नाही. कधी सर्जनचं डोकं मध्ये येतं, कधी असिस्टंटचा हात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ही अडचण नाही, कारण सर्जन स्वतःही स्क्रीनकडे बघूनच काम करत असतो. १९८५ साली जर्मनीत एरिख म्यूहं यांनी पित्ताशय दुर्बिणीतून काढलं आणि १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया भारतात आणली. आज सर्जरीचा रेसिडेंट सर्वांत आधी जे व्हिडिओ बघतो, त्यांत ही असतेच. पण पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सिनेमासारखी बघितली, तर डोक्यात राहतो तो फक्त शेवटी पिशवीतून बाहेर येणारा पित्ताशय.

आधी व्हिडिओ निवडा. 'आठ मिनिटांत पित्ताशय' छापाचे व्हिडिओ बाजूला ठेवा. त्यांत चिकटलेलं ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) सोडवणं, रक्तस्राव, कॅमेरा पुसणं असं सगळं कापलेलं असतं. कात्री कुठे चालली ते ओळखता येतं: एका क्षणी शस्त्रक्रियेची जागा स्वच्छ असते आणि पुढच्या क्षणी आत गॉज दिसतो, नाहीतर नळी बंद करणाऱ्या दोन क्लिप आधीच लागलेल्या असतात. न कापलेलं, चाळीस-पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग शोधा. रुग्णाचं वय, सोनोग्राफी, लिव्हर फंक्शन, पोर्ट (अवजारं आत घालायच्या नळ्या) कुठे घातले आणि पुढे रुग्णाचं काय झालं हे सांगितलेलं असेल तर उत्तम. शैक्षणिक व्हिडिओत या गोष्टी असाव्यात म्हणून २०१८ मध्ये लॅप-वेगास नावाची मार्गदर्शक तत्त्वंही आली. स्ट्रासबूर्गच्या इर्काड संस्थेचं वेबसर्ज हे संकेतस्थळ आणि अमेरिकेतल्या सेजेस संघटनेचं साहित्य ही सुरुवातीला चांगली ठिकाणं. व्ह्यूजचा आकडा मात्र काहीच सांगत नाही. सुरक्षित डिसेक्शन, म्हणजे थर एकमेकांपासून सोडवत जाणं, बघायला कंटाळवाणं असतं, त्यामुळे लाइक मिळतात ते वेगवान हातांना.

प्ले दाबण्याआधी कोऱ्या कागदावर कॅलॉटचा त्रिकोण काढा. एका बाजूला सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नळी), दुसऱ्या बाजूला कॉमन हिपॅटिक डक्ट (यकृतातून येणारी पित्तनळी), वर यकृताची खालची कडा. खाली ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), आणि यकृताच्या उजव्या भागातली रूव्हिएची खाच. खाचेपासून यकृताच्या चौथ्या सेगमेंटच्या तळापर्यंत एक काल्पनिक रेघ ओढा. डिसेक्शन या रेघेच्या वर राहायला हवं. पहिल्या फेरीत व्हिडिओत खाच दिसली की तिथेच थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलच्या मार्कअपने रेघ मारा. हुकचं, म्हणजे विजेवर कापणाऱ्या आकड्याचं, टोक रेघेखाली कधी जातं ते पुढच्या दहा मिनिटांत आपोआप नजरेत भरतं.

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो ओढण्याच्या दिशेवर. नवखी नजर उजव्या हातातल्या हुकवर खिळते, पण शस्त्रक्रिया डावा हात करत असतो. असिस्टंट फंडस (पित्ताशयाचं टोक) धरून रुग्णाच्या उजव्या खांद्याकडे ढकलतो. सर्जनचा डावा हात इन्फंडिब्युलम, म्हणजे पित्ताशयाचा मानेजवळचा फुगीर भाग, रुग्णाच्या उजवीकडे आणि किंचित खाली ओढतो. रुग्णाची उजवी बाजू स्क्रीनवर डावीकडे येते, म्हणून पडद्यावर हा ग्रास्पर (पकडण्याचं अवजार) डावीकडे खाली जाताना दिसायला हवा. तसा ओढला की सिस्टिक डक्ट आणि सीबीडी (कॉमन बाइल डक्ट, म्हणजे मुख्य पित्तनलिका) यांच्यात कोन उघडतो. हाच भाग फंडसबरोबर वर खेचला, तर कोन मिटतो, दोन्ही नळ्या एका रेषेत येतात आणि सीबीडी थेट पित्ताशयातून निघाल्यासारखी दिसते. सूज असेल किंवा सिस्टिक डक्ट आखूड असेल, तर भ्रम आणखी पक्का होतो: नरसाळ्यासारखा निमुळता भाग दिसतो, तीच सिस्टिक डक्ट असं वाटतं आणि क्लिप लागते मुख्य नळीवर. पित्तनलिकेच्या मोठ्या इजा बहुतेक वेळा अशाच होतात. हात चुकत नाही, डोळे फसतात. म्हणूनच या इजा व्हिडिओवर शिकवता येतात.

यावर उतारा म्हणून सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी, म्हणजे क्लिप लावण्याआधी दिसायलाच हवं असं दृश्य, मांडला. त्याच्या तीन अटी. त्रिकोणातली चरबी आणि तंतुमय पेशीजाल साफ झालेलं. पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला, मागची सिस्टिक प्लेट (पित्ताशय ज्यावर टेकतं तो यकृतावरचा तंतुमय थर) उघडी. पित्ताशयात जाणाऱ्या रचना दोन, फक्त दोन: सिस्टिक डक्ट आणि सिस्टिक धमनी.

दुसऱ्या फेरीत पहिली क्लिप येण्याआधी व्हिडिओ थांबवा आणि गुण द्या. प्रत्येक अटीला शून्य, एक किंवा दोन, एकूण सहापैकी. समोरून आणि पित्ताशय उलटवून मागून, अशा दोन्ही चित्रांवरून. पाच किंवा सहा आले तर दृश्य समाधानकारक. चार आले, तर त्या सर्जनने क्लिप का लावली हा प्रश्न वहीत लिहा आणि सीनियरला विचारा. गुण बहुतेकदा दुसऱ्या अटीत जातात. दोन नळ्या सुंदर दिसतात, पण सिस्टिक प्लेट दिसत नाही. अशा वेळी मागून यकृतात शिरणारी एखादी नळी किंवा धमनी राहिलेली असू शकते, आणि 'दोन' हा आकडा तेवढा भाग न बघताच मोजलेला असतो.

धमनीवरही एकदा थांबा. सिस्टिक लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) सापडला की सिस्टिक धमनी त्याच्याच जवळ असते, म्हणून डिसेक्शन नोडच्या पित्ताशयाकडच्या बाजूने होतंय ना ते बघा. जाड, नागमोडी, जोरात ठोके देणारी धमनी पित्ताशयाला चिकटून वळण घेत असेल, तर ती उजवी हिपॅटिक धमनी असण्याची शक्यता धरा. ती पित्ताशयाच्या भिंतीत शिरते की वळून यकृताकडे जाते, हे बघेपर्यंत तिला सिस्टिक म्हणायचं नाही.

मग हुक. तो पेशीजालात पुरून करंट देतात की आधी थोडं उचलून, पलीकडचं दिसल्यावर देतात? दुसरी पद्धत बरोबर. करंट छोट्या छोट्या झटक्यांत. धातूच्या क्लिपला लागून कॉटरी (हाच विजेचा करंट) चालवलेली दिसली तर ती वेळ नोंदवा: उष्णता क्लिपमधून नळीच्या बुंध्यात उतरते आणि पित्तगळती काही दिवसांनी समोर येते, व्हिडिओ तेव्हा कधीच संपलेला असतो. क्लिप लागताना तिची दोन्ही टोकं नळीच्या पलीकडे दिसली पाहिजेत. रुग्णाकडे दोन, पित्ताशयाकडे एक. नळी क्लिपपेक्षा रुंद असेल तर क्लिप जबरदस्तीने बसवणारा व्हिडिओ शिकण्यासाठी नको. तिथे लूप (धाग्याचा तयार फास) किंवा गाठ लागते.

तिसरी फेरी फसलेल्या किंवा अवघड केसेसची. शोधताना 'डिफिकल्ट', 'सबटोटल', 'फंडस फर्स्ट', 'कन्व्हर्जन' असे शब्द टाका. इथे कौशल्यापेक्षा निर्णय बघायचा: किती वेळ प्रगती न झाल्यावर सर्जनने रस्ता बदलला, दुसऱ्या सर्जनला बोलावलं का, कोलँजिओग्राम (पित्तनळ्यांचा एक्स-रे) केला का. त्रिकोणात शिरणंच धोक्याचं असेल तर पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवणारी सबटोटल पद्धत किंवा पोट उघडणं, दोन्ही चालतात. पण पोट उघडल्याने शरीररचना आपोआप सोपी होत नाही, हे अशा दोन-चार व्हिडिओंतून लगेच कळतं.

पेशीजाल किती ताणलं की फाटतं हे मात्र पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी बॉक्स ट्रेनर (सरावाचं खोकं) लागतो. कॉलेजचा कुलूपबंद असेल तर पुठ्ठ्याचं खोकं, आत एक एलईडी दिवा, वरच्या भोकावर मोबाइल आणि कालबाह्य झालेले दोन ग्रास्पर एवढ्यात काम भागतं. नजर मोबाइलच्या स्क्रीनवर, हातांवर नाही. आधी सहा छोटे तुकडे एका बाजूच्या खुंट्यांवरून दुसऱ्या बाजूला न्या आणि परत आणा, प्रत्येक तुकडा हवेत हात बदलून. ते जमलं की कोंबडीच्या तंगडीची कातडी न फाडता सोडवा. पित्ताशय यकृतापासून सोडवतानाचा थर आणि ताण बऱ्यापैकी तसाच लागतो. मोबाइलवर आपोआप झालेलं रेकॉर्डिंग रात्री बघताना डावा हात किती वेळ रिकामा लोंबकळत होता तेवढंच मोजा.

ओटीतलं रेकॉर्डिंग घरी न्यायचं असेल तर आधी रुग्णाची लेखी संमती आणि युनिट हेडची परवानगी. पेन ड्राइव्हवर घेतलेल्या फाइलच्या कोपऱ्यात बरेचदा रुग्णाचं नाव आणि केस पेपर नंबर छापलेला असतो, तो क्रॉप करा. कॅमेरा पोटात जाण्याआधी आणि पुसायला बाहेर काढल्यावर ओटीतले चेहरे, फळ्यावरची यादी असं सगळं टिपतो. ते तुकडे कापा आणि आवाज बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याचा मोह टाळा, एकदा पसरलेली फाइल तिथून परत घेता येत नाही. शिवाय ग्रुपवर दाबून लहान झालेल्या व्हिडिओत सिस्टिक प्लेट आणि चरबी यांतला फरकही दिसत नाही.