दोन फोनांतून एक निवडताना: फोटो तिसऱ्याच स्क्रीनवर बघा

वीस ते तीस हजारांच्या टप्प्यात दोन फोनांवर येऊन अडकलेलं कुणी ना कुणी मला महिन्यातून एकदा तरी भेटतं. कधी भाचा, कधी ऑफिसातला सहकारी, कधी समोरच्या काकू. प्रत्येकाने पाच-सहा व्हिडिओ बघितलेले असतात आणि त्यामुळे गोंधळ वाढलेलाच असतो. खाली जी पद्धत दिली आहे ती मी घरच्यांसाठी आणि ओळखीच्यांसाठी अनेकदा वापरली आहे. उदाहरण म्हणून २०२४ च्या दिवाळीत मामेबहिणीसाठी निवडलेला फोन घेतो. ती घरी ब्लाउज शिवते, आरी वर्क करते आणि कापडाचे, कामाचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवते. तिच्यापुढे दोन फोन होते: सॅमसंग गॅलेक्सी ए३५ आणि वनप्लस नॉर्ड सीई४. बाजारात आले तेव्हा ए३५ ची किंमत ३०,९९९ रुपये होती आणि सीई४ ची २४,९९९. सणाच्या सवलतींत दोघांमधलं अंतर बरंच कमी झालं होतं.

सारखं आहे ते खोडा

एका कागदावर दोन रकाने करा, दोन्ही फोनांची माहिती लिहा आणि दोघांत जे सारखं आहे ते सरळ खोडून टाका. आमच्या कागदावर १२० हर्ट्झचा अमोलेड पडदा, ८ जीबी रॅम, १२८ जीबी जागा, मेमरी कार्डाची सोय आणि ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा हे सगळं खोडलं गेलं. ए३५ ला मागे ५ मेगापिक्सेलचा तिसरा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा, कॅमेरा आहे, तोही मी खोडला. या किमतीत मॅक्रो आणि डेप्थ (मागचं धूसर करायला मदत करणारे) कॅमेरे बहुधा संख्या वाढवण्यासाठी असतात. ‘८ अधिक ८ जीबी’ असं लिहिलेलं दिसलं तर दुसरा ८ धरू नका. ती रॅम नव्हे, साठवणुकीतून उसनी घेतलेली जागा आहे.

आणि नाव अक्षरन् अक्षर वाचा. सीई४ आणि सीई४ लाइट हे दोन वेगळे फोन आहेत, त्यांचे प्रोसेसरही वेगळे आहेत.

कागदावर उरलं ते इतकंच. ए३५ चं वजन २०९ ग्रॅम, सीई४ चं १८६. बॅटरी ५००० विरुद्ध ५५०० एमएएच. चार्जिंग २५ वॉट विरुद्ध १०० वॉट. पाण्यापासून संरक्षण आयपी६७ विरुद्ध आयपी५४, म्हणजे पहिला पाण्यात पडला तरी निभावतो, दुसरा फक्त शिंतोडे सोसतो. प्रोसेसर एक्सिनॉस १३८० विरुद्ध स्नॅपड्रॅगन ७ जेन ३, आणि यात दुसरा सरळसरळ वेगवान. शिवाय अपडेटची वर्षं.

अपडेटची वर्षं खरेदीपासून मोजू नका

दुकानदार सांगतो, ‘पाच वर्षं अपडेट.’ ती वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून चालू होतात, तुम्ही बिल फाडलंत त्या दिवसापासून नाही. ए३५ मार्च २०२४ मध्ये आला, त्याला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार, म्हणजे मार्च २०२९ पर्यंत. सीई४ एप्रिल २०२४ मध्ये आला, त्याला तीन वर्षं, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत. नोव्हेंबर २०२४ मध्ये घेणाऱ्याच्या हातात एकाची चार वर्षं चार महिने उरले होते आणि दुसऱ्याची दोन वर्षं पाच महिने. सेलमध्ये जो फोन भरमसाट स्वस्त झालेला असतो, तो बहुतेक वेळा वर्षा-दीड वर्षापूर्वीचा असतो. त्याची तेवढी वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात. ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात त्याच्या बाबतीत मी हा हिशेब कधीही सोडत नाही. कागदावर ‘इतकी वर्षं’ लिहू नका, शेवटचा महिना आणि साल लिहा.

कॅमेरा: इथे घाई करू नका

इथेच मी एकदा सपशेल चुकलो होतो. चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं, म्हणून मी आदल्या आठवड्यात नवा फोन घेतला. दुकानात दोन फोन हातात धरून दोन फोटो काढले, ज्याचा फोटो झकास दिसला तो घेतला. बारशाला संध्याकाळ झाली. हॉलमध्ये ट्यूबलाइट, पाळण्याला झेंडूच्या माळा, बायका पाळणा म्हणत होत्या, आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकलेली. मी वीस-पंचवीस फोटो काढले. पाळणा हलत होता आणि प्रत्येक फोटोत बाळाचा चेहरा पुसल्यासारखा आला होता. झेंडू मात्र लख्ख. तो क्षण परत आणता येत नाही. वहिनीने आल्बमसाठी फोटो मागितले तेव्हा द्यायला माझ्याकडे एकही नव्हता.

त्या फोनला ओआयएस होतं आणि मी त्याच भरवशावर होतो. ओआयएस तुमच्या हाताचा कंप सावरतं. समोरचा पाळणा हलत असेल तर त्याला ते काही करू शकत नाही. हलणाऱ्या गोष्टीसाठी फोनने कमी उजेडातही झटकन फोटो घ्यावा लागतो, आणि ते कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

मेगापिक्सेलवरही विसंबू नका. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात चार-चार ठिपके एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. १०८ चा बहुधा नऊ-नऊ ठिपके जोडून बाराचा देतो. ए३५ आणि सीई४ या दोघांच्याही मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस आहे, सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा, आकारही जवळजवळ सारखा आहे. कागद इथे संपतो. पुढचं प्रत्यक्ष काढूनच बघावं लागतं.

ते असं बघा. शक्यतो संध्याकाळी जा. आधी खिशातल्या स्वच्छ सुती रुमालाने दोन्ही फोनांच्या लेन्स पुसा. दिवसभरात किती लोकांची बोटं त्या काचेवर फिरलेली असतात! न पुसलेली लेन्स दिव्याभोवती धुकं दाखवते आणि आपण कॅमेऱ्याला नावं ठेवतो. मग कॅमेऱ्यातली ब्यूटीची सोय बंद करा, दोन्ही फोनांत. गॅलरीत आधीपासून असलेले देखणे डोंगर आणि फुलं बघूच नका.

मग हे फोटो दोन्ही फोनांतून काढा, त्याच जागी उभं राहून, लागोपाठ. सोबत आलेल्या माणसाला दुकानात चालायला सांगा आणि चालताना फोटो घ्या. काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा घ्या. बाहेर उजेड असेल तर कुणाला तरी दाराकडे पाठ करून उभं करा आणि चेहऱ्याचा घ्या. सावळा रंग सावळाच येतो का, की फोन तो परस्पर उजळवतो, हे नीट पाहा. उजळवत असेल तर मी तो फोन घेत नाही. एखाद्या बिलाचा घ्या, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे निम्मे फोटो कागदांचेच असतात. आणि तुमच्या कामाची वस्तू घरून घेऊन जा. बहीण जांभळ्या खणाचा वीतभर तुकडा पर्समध्ये घालून घेऊन आली होती.

प्रत्येक फोटो तीनदा काढा. एक चांगला फोटो कुठलाही फोन देतो. तिन्हीपैकी किती चांगले आले ते मोजा. चालत्या माणसाच्या तीनपैकी दोन फोटोंत चेहरा पुसट असेल, तर बारशात, हळदीत, शाळेच्या स्नेहसंमेलनातही तेच होणार.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ही मला कुणी सांगितली नव्हती: हे फोटो त्या-त्या फोनवर बघून निकाल लावू नका. एका फोनचा फोटो त्याच्या पडद्यावर, दुसऱ्याचा दुसऱ्याच्या पडद्यावर बघितलात, तर तुम्ही कॅमेऱ्यांची नाही, पडद्यांची तुलना करताय. दुकानातले फोन पूर्ण उजेडावर असतात, रंगांची सेटिंगही बहुधा भडक ठेवलेली असते. बहिणीचा खण एका फोनवर निळसर दिसत होता आणि दुसऱ्यावर राणी रंगाकडे झुकलेला. तिने तिथेच एक फोन बाद करायला घेतला होता. मी तिला थांबवलं. दोन्ही फोटो माझ्या फोनवर घेतले आणि घरी लॅपटॉपवर शेजारी-शेजारी उघडले. खणाच्या रंगात एकोणीस-वीसचा फरक होता. काठावरची जर, मधल्या बुट्ट्या, सगळं दोन्हींत सारखंच. दुकानात दिसलेला फरक कॅमेऱ्याचा नव्हता, पडद्याच्या सेटिंगचा होता, आणि ती सेटिंग दोन मिनिटांत बदलता येते.

फोटो आपल्याकडे घेताना व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे पाठवू नका, तिथे ते दाबले जातात आणि दोघांचा दर्जा सारखाच खाली येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ब्लूटूथने घ्या. ब्लूटूथला वेळ लागतो, पण फाइल जशीच्या तशी येते. डेमो फोनमधून फोटो बाहेर पाठवता येत नसतील, तर तो फोन वापरणारा माणूस शोधा. नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारलंत की कुणीतरी निघतोच. खरं तर तेच उत्तम, कारण मग फोटो देवघरासमोर निरांजनाच्या उजेडात काढता येतात, दुकानाच्या झगमगाटात नाही.

घरच्यांना फोटो दाखवताना कुठला कुठल्या फोनचा ते सांगू नका. नाव कळलं की माणूस फोटोऐवजी नाव बघायला लागतो. आधी ‘कुठला आवडला?’ एवढंच विचारा, उत्तरं लिहून घ्या, मग नावं सांगा.

उरलेलं पटापट

फोन एका हातात धरून अंगठ्याने वरपर्यंत पोचता येतं का पाहा. २३ ग्रॅमचा फरक कागदावर छोटा वाटतो, पण रात्री आडवं पडून वाचताना मनगटाला कळतो. एकदा कॉल लावून कानाला आवाज ऐका. तुमच्या तालुक्याला नाहीतर जवळच्या शहरात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का ते दुकानदाराला न विचारता स्वतः नकाशावर शोधा आणि आधी फोन करून चालू असल्याची खात्री करा. गेम खेळत नसाल तर प्रोसेसरच्या गुणांच्या आकड्यांत जीव अडकवू नका.

किमतीची बेरीज मात्र पूर्ण करा. सीई४ च्या खोक्यात १०० वॉटचा चार्जर येतो, ए३५ च्या खोक्यात चार्जर नसतो. चार्जर, कव्हर, काच आणि जुन्या फोनचे प्रत्यक्षात हातात येणारे पैसे हे सगळं धरून जी शेवटची रक्कम येते, तीच कागदावर लिहा.

निर्णय

आता कागदावर चार-पाच ओळी उरलेल्या असतात. त्यांतल्या तुमच्या दिवसाला लागू पडणाऱ्या एक-दोनच ओळी निवडा आणि त्यांच्यावर निर्णय करा. बहीण एक फोन पाच वर्षं वापरते, शिवणाच्या टेबलावर पाण्याचा तांब्या कायम असतो आणि चार्जिंगला फोन रात्रभर भिंतीला असतो. तिच्यासाठी शेवटची तारीख आणि आयपी६७ पुरेसं होतं. तिने ए३५ घेतला. तिचा धाकटा भाऊ रोज एसटीने कॉलेजला जातो, दोन वर्षांनी फोन बदलतो, गेम खेळतो आणि निघायच्या अर्धा तास आधी त्याला चार्जिंगची आठवण होते. त्याच कागदावरून मी त्याला सीई४ सांगितला, आणि त्याला तो बरोबरच लागू पडला.

खोकं दुकानातच उघडा. फोन चालू करून *#०६# डायल करा, जो आयएमईआय क्रमांक दिसेल तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. पहिल्याच संध्याकाळी घरच्या ट्यूबलाइटखाली चालत्या माणसाचे तेच तीन फोटो पुन्हा काढा आणि परत करण्याची मुदत कधी संपते ती तारीख बिलावर पेनाने लिहून ठेवा.