म्युझिक प्लेअर घ्यायला जाताना स्वतःचं कार्ड सोबत न्या
खिशातला म्युझिक प्लेअर दाखवताना दुकानदार आधी मेमरी सांगतो. माझ्या मते ती शेवटी बघावी. सीडीच्या दर्जाचं तासाभराचं फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता फाईल लहान करणारा प्रकार) रेकॉर्डिंग साधारण 300 ते 400 एमबी घेतं. 64 जीबीच्या कार्डात दीडशे तासांचं गाणं मावतं. मात्र ते कार्ड एक्सफॅट (मोठ्या कार्डांवर फाईली साठवण्याची एक पद्धत) पद्धतीचं असतं आणि बरेच स्वस्त प्लेअर 32 जीबीपर्यंतचंच कार्ड वाचतात. म्हणून आपलं कार्ड तिथेच घालून बघा. त्यात देवनागरी नावाची एक फाईल हवीच (अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर तो प्लेअर नको). शिवाय दोन ट्रॅकमध्ये विभागलेला एखादा ख्याल लावा. विलंबितातून द्रुतात जाताना मध्येच आवाज तुटला, तर ते प्रत्येक वेळी कानाला टोचत राहतं.