मधल्या सुट्टीतला खेळ: आधी वर्गमित्रांची तयारी

स्वमग्न (ऑटिझम असलेले) मूल मधल्या सुट्टीत एकटे दिसले की, बहुतेक शाळांत त्याचा हात धरून त्याला खेळणाऱ्या मुलांच्या घोळक्यात नेऊन उभे केले जाते. आरडाओरडा, अचानक बसणारा धक्का आणि घडोघडी बदलणारे नियम यांमुळे ते गोंधळते व पुन्हा भिंतीकडे परतते. म्हणून सुरुवात वर्गमित्रांपासून करावी, असे मी वर्गशिक्षिकांना आग्रहाने सांगते. संशोधक कॉनी कसारी व सहकाऱ्यांनी अमेरिकेत नेहमीच्या शाळांतील 60 स्वमग्न मुलांचा केलेला अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला; वर्गमित्रांना शिकवल्यावर या मुलांचे मैदानावरचे एकटेपण कमी झाल्याचे त्यात आढळले.

पहिला आठवडा केवळ निरीक्षणाचा ठेवावा. वाशीच्या एका शाळेतील दुसरीतला मुलगा रोज पायरीवर बसून ठाणे-वाशी लोकलची स्टेशने क्रमाने म्हणत असे. आम्ही फरशीवर खडूने नऊ घरे आखून त्यांना ठाणे, दिघा गाव, ऐरोली अशी वाशीपर्यंतची नावे दिली. ठिकरी टाकायची, त्या घरापर्यंत लंगडी घालत जायचे आणि फरशीकडे न पाहता पुढचे स्टेशन सांगायचे, एवढाच नियम. क्रम फक्त त्यालाच पाठ होता, त्यामुळे अडलेली मुले आपणहून त्याच्याकडे वळून विचारू लागली, "रबाळ्यानंतर काय रे?"

सोबती दोन-तीनच आणि शांत स्वभावाचे निवडावेत. ते अभ्यासात हुशार असण्याची गरज नाही. शेजारी बसा, नजरेला नजर द्यायला लावू नका, नाव घेऊन एकच छोटे वाक्य बोला आणि मनात दहा मोजेपर्यंत उत्तराची वाट पाहा, हे त्यांना आधी शिकवावे. दहा मोजणे मुलांना सर्वांत जड जाते, म्हणून तेवढ्याचाच सराव तीन-चार दिवस घ्यावा. निदानाविषयी वर्गात बोलायचे की नाही, हे मात्र पालकांना विचारूनच ठरवावे.

सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. ज्याच्या हाती ठिकरी त्याची पाळी, म्हणजे वाद कमी होतात. खेळ संपायला दोन मिनिटे उरली की, 'आता खेळ संपणार' हे सांगणारे चित्रकार्ड दाखवावे. मुलाने कानांवर हात ठेवले, तर त्याला आधी ठरवलेल्या शांत कोपऱ्यात जाऊ द्यावे आणि परत बोलावण्याची घाई करू नये. खेळ रुळला की बाईंनी चार पावले मागे सरकावे, कारण त्या जवळ असेपर्यंत मुले एकमेकांऐवजी त्यांच्याशीच बोलत राहतात.