टीम ऑर्डर न्याय्य होती की नाही, हे ठरवण्याची माझी पद्धत

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाच्या दोन गाड्या धावतात. त्यातल्या एका चालकाला रेडिओवरून "सहकाऱ्याला पुढे जाऊ दे" असं सांगितलं (यालाच टीम ऑर्डर म्हणतात), की त्या रात्री व्हॉट्सॲपवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ही सरळ फसवणूक आहे. दुसरा म्हणतो, पगार संघ देतो, त्यामुळे संघ सांगेल तसं चालवायचं. बहुतेक जण आपल्या आवडत्या चालकाकडे बघून बाजू घेतात आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याची बाजू मांडायला कुणी उरत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून मी माझ्यापुरती एक पद्धत बसवली आहे. ती इथे सांगते.

मी नाशिकला हिशेबाचं काम करते आणि मोटार रॅली असली की टाइम कंट्रोलच्या, म्हणजे गाड्यांची वेळ नोंदवण्याच्या, टेबलावर बसते. गाडी येते, सहचालक खिडकीतून कार्ड पुढे करतो, मी मिनिट लिहिते, सही करते, गाडी जाते. आंतरराष्ट्रीय रॅलीत एखाद्याला सहकाऱ्याला पुढे काढायचं असेल, तर तो कंट्रोलवर मुद्दाम उशिरा येतो आणि मिनिटाला 10 सेकंदांचा दंड घेतो. पटो न पटो, ते कार्डावर येतं आणि कुणालाही वाचता येतं. ट्रॅकवरच्या शर्यतीत असं कार्ड नसतं. ते आपण वहीत बनवायचं.

शर्यतीआधी गुणांचं गणित मांडा

युरोपातली शर्यत आपल्याकडे बहुधा संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. त्याआधी पाव तास काढा. वहीच्या डाव्या पानावर तीन आकडे लिहा: संघातल्या दोघांचे गुण आणि बाहेरच्या सर्वांत जवळच्या प्रतिस्पर्ध्याचे गुण. खाली लिहा, आजची धरून किती शर्यती बाकी आहेत. सध्या विजयाला 25, दुसऱ्याला 18, तिसऱ्याला 15, चौथ्याला 12 गुण मिळतात. म्हणजे पहिल्या-दुसऱ्याची अदलाबदल केली, तर बाहेरच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध 7 गुणांचा फायदा होतो, दुसऱ्या-तिसऱ्याची केली तर 3 गुणांचा. संघाच्या एकूण बेरजेत एका गुणाचाही फरक पडत नाही. म्हणून "संघाच्या हितासाठी" असं कुणी म्हणालं की मी लगेच विचारते, संघाच्या की त्यातल्या एकाच्या?

हे गणित समोर असलं की ऑस्ट्रिया 2002 समजायला वेळ लागत नाही. मोसमातली ती 17 पैकी सहावी शर्यत. त्याआधी मायकेल शूमाकरचे 44 गुण होते आणि त्याच्या मागे असलेल्या मोंटोयाचे 23. तेव्हा विजयाला 10 गुण मिळत. शूमाकरचा सहकारी रूबेन्स बॅरिकेलो पोलवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून, सुटला, शर्यतभर पुढे राहिला, आणि त्यांच्या संघाने, फेरारीने, त्याला शेवटच्या लॅपमध्ये (फेरीत), अंतिम रेषा समोर दिसत असताना, वाट द्यायला लावली. फरक 0.182 सेकंदाचा. ज्याच्याकडे 21 गुणांची आघाडी होती, त्याच्यासाठी मेमध्येच सहकाऱ्याचा विजय काढून घेतला. पुढे शूमाकरने सहा शर्यती बाकी असतानाच विजेतेपद मिळवलं, पण तो मुद्दा मी धरत नाही. त्या दिवशी संघाला जे माहीत होतं, तेवढ्यावरच निवाडा करायचा. तेवढ्यावरही हा आदेश अन्यायाचाच ठरतो. एक लक्षात ठेवा: त्यांना झालेला 10 लाख डॉलरचा दंड आदेशासाठी नव्हता. शूमाकरने बॅरिकेलोला पोडियमच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभं केलं, त्या समारंभाच्या नियमभंगासाठी होता. शर्यतीच्या निकालावर परिणाम करणाऱ्या आदेशांवर बंदी 2003च्या मोसमापासून आली आणि 2011च्या मोसमापासून ती उठली. आज टीम ऑर्डर नियमबाह्य नाही. म्हणूनच न्याय-अन्याय आपल्याला पाहावा लागतो, नियमपुस्तक तो ठरवून देत नाही.

सोची 2018 अधिक अवघड आहे. मर्सिडीजचा हॅमिल्टन फेरारीच्या व्हेटेलच्या 40 गुण पुढे होता. शर्यतीत आघाडीवर असलेल्या त्याच्या सहकाऱ्याने, बोटासने, आदेशावरून जागा दिली आणि ती आघाडी 50 झाली. अदलाबदल झाली नसती तर 43 झाली असती. पुढे पाच शर्यती, म्हणजे 125 गुण शिल्लक होते. व्हेटेलला अजून संधी होती, म्हणून मी याला ऑस्ट्रियाच्या पंक्तीला बसवत नाही. पण बोटासने त्या वर्षी एकही शर्यत जिंकली नाही, हेही त्याच पानावर लिहिलेलं असायला हवं. सात गुणांची किंमत एका माणसाच्या अख्ख्या मोसमाने चुकवली.

शर्यत चालू असताना पिटचा लॅप लिहा

माझ्या मते सगळ्या पद्धतीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बघणारे नेमका हाच सोडून देतात. रेडिओवर आदेश यायच्या कितीतरी आधी संघाने एक आदेश दिलेला असतो: पिटमध्ये, म्हणजे टायर बदलण्याच्या थांब्यावर, आधी कोणाला बोलवायचं. नवे टायर घातलेली गाडी लॅपमागे एक-दीड सेकंद सहज कमावू शकते. मागच्या गाडीला आधी बोलावलं, तर पुढची गाडी पिटमधून बाहेर येईपर्यंत मागची पुढे गेलेली असते. यालाच अंडरकट म्हणतात. म्हणून एरवी रिवाज असा, की ट्रॅकवर जो पुढे त्याला आधी बोलवायचं.

आता 21 जुलै 2024ची हंगेरीची शर्यत घ्या. वहीच्या उजव्या पानावर दोन स्तंभ करा, मॅक्लारेन संघाचे पियास्त्री आणि नॉरिस. पोल नॉरिसचा, पण पहिल्याच वळणावर पियास्त्री पुढे गेला आणि पुढेच राहिला. शेवटच्या थांब्यासाठी मॅक्लारेनने नॉरिसला 45व्या लॅपला बोलावलं आणि पियास्त्रीला 47व्या. पियास्त्री बाहेर आला तेव्हा नॉरिस पुढे होता. हे दोन आकडे शेजारी लिहिले की डोळ्यांसमोर येतं, की नॉरिसने ही जागा ट्रॅकवर झगडून मिळवलेली नव्हती, ती पिटवॉलने, म्हणजे डावपेच ठरवणाऱ्या संघाच्या लोकांनी, त्याच्या हातात ठेवली होती. मागच्यांच्या अंडरकटपासून त्याला वाचवण्यासाठी ठेवली, हेतू वाईट नव्हता, पण ठेवली. मग जागा परत दे म्हणून त्याचा रेस इंजिनियर लॅपमागून लॅप समजावत राहिला: विजेतेपद एकट्याने मिळत नाही, पुढे तुला ऑस्करची (पियास्त्रीची) गरज पडेल. नॉरिस आघाडी वाढवत राहिला आणि अखेर 70 पैकी 68व्या लॅपला बाजूला झाला. पियास्त्रीचा तो पहिला विजय.

त्या रात्री मी पुष्कळ जणांकडून ऐकलं, की नॉरिस वेगवान होता, विजेतेपदाच्या शर्यतीत तोच होता, त्याच्यावर अन्याय झाला. माझा निवाडा उलटा आहे. संघाने स्वतःच्या हाताने जे बिघडवलं, ते संघानेच सरळ करणं, यापेक्षा स्वच्छ टीम ऑर्डर मला माहीत नाही. चूक एवढीच, की पुढे असलेल्या चालकाला आधी बोलावलं असतं तर हे सगळं घडलंच नसतं.

तर पहिला कसोटीचा प्रश्न असा लिहून ठेवा: हा आदेश संघाने हलवलेली वस्तू जागेवर ठेवतो आहे, की चालकाने कमावलेली वस्तू उचलतो आहे? हंगेरी 2024 पहिल्या प्रकारातलं, ऑस्ट्रिया 2002 दुसऱ्या.

रेडिओवरचे शब्द लॅपसकट टिपा

जमेल तेवढे जसेच्या तसे टिपा, सारांश करू नका. हॉकेनहाइम 2010मध्ये फेरारीचा फेलिपे मासा पहिल्या वळणापासून पुढे होता. 49व्या लॅपच्या सुमारास त्याच्या इंजिनियरने, रॉब स्मेडलीने, एकेक शब्द तोडून सांगितलं, की फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे, निरोप समजला का ते कळव. मासाने वेग कमी केला, सहकारी फर्नांडो अलोन्सो पुढे गेला आणि स्मेडलीने मासाला "सॉरी" म्हटलं. वर्षभरापूर्वी, बरोबर त्याच तारखेला, हंगेरीत पुढच्या गाडीतून सुटलेली स्प्रिंग हेल्मेटवर आदळून मासा मरता मरता वाचला होता.

गुणांचं पान पाहिलं तर फेरारीकडे कारण होतं: अलोन्सो 98, मासा 67 आणि आघाडीवरचा हॅमिल्टन 145. विजेतेपदाची आशा असलीच तर अलोन्सोचीच होती. पण तेव्हा असे आदेश निषिद्ध होते, म्हणून निरोप सांकेतिक दिला आणि नंतर तो आदेश नव्हताच असं सांगितलं. दंड झाला 1 लाख डॉलर. मला त्यात खुपतं ते हे, की मासाला सगळ्या जगासमोर, आपण स्वतःहून जागा दिली असं दाखवावं लागलं. जागा गेली ती गेली, वर खोटं बोलण्याचं ओझंही त्याच्याच डोक्यावर. सांकेतिक निरोप दिसला, की मी त्याच्यापुढे फुली मारते.

मलेशिया 2013चा "मल्टी 21" हाही संकेतच, अर्थ दोन नंबरची गाडी पुढे, एक नंबरची मागे. पण तो दोघांना आधीपासून ठाऊक होता. तेव्हा रेड बुलकडे, एक नंबरच्या गाडीत असलेल्या व्हेटेलने तो मोडून सहकारी वेबरला मागे टाकलं. तिथे लबाडी संघाची नव्हती, शब्द चालकाने मोडला.

करार आधी होता का?

हे शोधायला शर्यतीनंतरच्या मुलाखती ऐकाव्या लागतात, म्हणून निवाडा त्याच रात्री लिहू नका. सोमवारी लिहा. ऑस्ट्रेलिया 1998मध्ये मॅक्लारेनच्या कुल्थार्डने सहकारी हॅकिनेनला वाट दिली तेव्हा प्रेक्षक चिडले, पण पहिल्या वळणावर जो पुढे असेल तोच जिंकेल असं दोघांचं आधीच ठरलं होतं. हॅकिनेन गैरसमजातून विनाकारण पिटमध्ये गेला आणि मागे पडला होता. शब्द पाळला गेला. मात्र तो प्रेक्षकांना सांगितलेला नव्हता, आणि तिकीट काढून आलेल्यांचा राग मला रास्तच वाटतो.

सर्वांत गुंतागुंतीचं पान आहे मोंझा 2025चं. नॉरिस दुसरा, पियास्त्री तिसरा. मागच्या लेक्लेअरपासून पियास्त्रीला वाचवायचं म्हणून मॅक्लारेनने रिवाज मोडून त्याला आधी बोलावलं. त्यातून अंडरकट होणार नाही, असा शब्द नॉरिसला दिला. मग नॉरिसचं एक चाक बदलताना अडलं, थांबा सहा सेकंदांच्या आसपास गेला आणि पियास्त्री पुढे झाला. संघाने त्याला जागा परत द्यायला सांगितलं. तो म्हणाला, संथ पिटस्टॉप हा शर्यतीचाच भाग असं आपलं ठरलं होतं, मग आता काय बदललं? आणि तरी त्याने जागा दिली.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. क्रम बदलणं हे संघाचं कृत्य, ते परत फिरवायला हवं. चाक अडणं हे शर्यतीतलं नशीब, ते ज्याचं त्याला. थांबा नेहमीसारखा झाला असता तर नॉरिस पुढेच राहिला असता, म्हणजे जागा गेली ती चाकामुळे. म्हणून पियास्त्रीचा प्रश्न मला बिनतोड वाटतो. नॉरिसला दिलेला शब्दही खरा होता, पण तो अंडरकटबद्दल होता, चाकाबद्दल नव्हता. कोणता अपघात भरून द्यायचा आणि कोणता नाही, हे शुक्रवारीच कागदावर असायला हवं होतं. मोसमाअखेर नॉरिसचे 423 गुण, रेड बुलच्या फेरस्टापेनचे 421. मोंझाची अदलाबदल 3 गुणांची. ती झाली नसती तर पुढच्या सगळ्या शर्यतीही वेगळ्या चालल्या असत्या, म्हणून विजेतेपद तिथेच ठरलं असं मी लिहीत नाही. पण डाव्या पानावरचं गणित आधी का मांडायचं, ते यातून कळेल.

शेवटचा स्तंभ: उसनवारी

वहीच्या मागच्या बाजूला एक पान राखून ठेवा: कोणी कोणाला जागा दिली, परत मिळाली का. हंगेरी 2017मध्ये बोटासने हॅमिल्टनला फेरारींवर हल्ला करायला पुढे सोडलं. जमलं नाही, तेव्हा हॅमिल्टन शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणावर थांबला आणि सात-आठ सेकंद मागे पडलेल्या बोटासला तिसरी जागा परत केली. स्वतः विजेतेपदासाठी झुंजत असताना 3 गुण सोडले. असा व्यवहार मी हिरव्या शाईने लिहिते.

त्याच पानावर ब्राझील 2022. विजेतेपद खिशात असलेल्या फेरस्टापेनला सहावी जागा सहकारी पेरेझला द्यायला सांगितलं. त्याला 2 गुणांचा तोटा, तोही बिनमहत्त्वाचा, आणि पेरेझ मोसमातल्या दुसऱ्या क्रमांकासाठी झगडत होता. अबू धाबी 2021ला याच पेरेझने हॅमिल्टनला अडवून धरून फेरस्टापेनला कित्येक सेकंद मिळवून दिले होते. फेरस्टापेनने नकार दिला, आपली कारणं आहेत म्हणाला. पेरेझचा दुसरा क्रमांक शेवटी 3 गुणांनी हुकला. ती नोंद माझ्याकडे लाल शाईने आहे आणि तिच्यासमोरचा जमेचा रकाना रिकामा आहे.

हे पान मोसम संपला की फाडू नका. चालक संघ बदलतात, इंजिनियर बदलतात, पण पुढच्या वर्षी रेडिओवर कुणी "नाही" म्हणालं, तर त्याचं कारण बहुतेक वेळा याच पानावर सापडतं.